पाचामुखी परमेश्वर, पण ते पाच कोण?

जून-जुलै उजाडला, की महाविद्यालयांच्या आवारात वृक्षारोपणाचा सोहळा ठरलेला. प्राचार्य, एखादे पाहुणे, दहा-पंधरा विद्यार्थी, एक कुदळ, एक झारी आणि छायाचित्रकार. खड्डा दरवर्षीचाच, रोप तेवढे नवे, हा विनोद आता इतका जुना झाला आहे, की त्यावर कोणी हसतही नाही. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, तेव्हा तिच्यामागे कळकळ होती. कळकळ आटली, की प्रथेचा उपचार होतो.

पण हेही खरे, की अनेक मुलांना या उपचाराचा कंटाळा आला आहे. वसतिगृहाच्या खाणावळीत रोज किती अन्न टाकले जाते, हे त्यांना दिसते. उन्हाळा पुरता सुरू होण्याआधीच टँकर येऊ लागतो आणि तरीही बागेतला नळ वाहत असतो, हेही दिसते. मग कोणीतरी म्हणते, आपण काहीतरी करू या. राष्ट्रीय सेवा योजनेचा गट, निसर्ग मंडळ किंवा नुसताच मित्रमैत्रिणींचा घोळका एका रिकाम्या वर्गात जमतो. फळ्यावर कामांची यादी होते. आणि तिथेच, त्या पहिल्याच सभेत, उपक्रमाचे भवितव्य बहुधा ठरून जाते.

ओल्या कचऱ्याचे खत कसे करावे, याची माहिती आज कुठेही मिळते. पण चाळीस-पन्नास जणांनी मिळून, कोणाला न गाळता आणि कोणाला न दडपता, एक निर्णय कसा घ्यावा, हे आपण मुलांना कधी शिकवलेलेच नसते.

राहून गेलेला धडा

पर्यावरणाचा विषय अभ्यासक्रमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या आदेशानंतर शिक्षणात त्याला सक्तीचे स्थान मिळाले आणि पुढे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही आला. राष्ट्रीय सेवा योजना तर त्याहून जुनी. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. वर्षाला १२० तास समाजासाठी द्यायचे, ही तिची अपेक्षा. म्हणजे विषय आहे, वेळ आहे, हातही आहेत.

नाही ती एकत्र बसून ठरवण्याची सवय. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका थांबल्या आणि गुणवत्ता यादीतून प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. त्याआधीच्या निवडणुकांत पैसा आणि दांडगाई शिरली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण अंमलबजावणी लांबतच गेली. मधल्या काळात कितीतरी पिढ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार त्यांना अठराव्या वर्षी मिळाला, पण आपल्या वसतिगृहातल्या कचऱ्याचे काय करायचे, यावर मत देण्याचा प्रसंग मात्र त्यांच्यावर कधी आला नाही.

मग ही मुले सभा कशी चालवायची ते शिकतात कुठे? गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळात आणि आईवडिलांच्या सोसायटीच्या बैठकीत. तिथे काय दिसते, हे वाचकांना सांगायला नको. ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे ठराव होते, आणि जे गप्प बसले त्यांची संमती गृहीत धरली जाते.

मते तीच, निकाल तीन

‘त्यात काय, हात वर करून मत घ्या, ज्याला जास्त हात तो जिंकला,’ असे कोणी म्हणेल. ही पद्धत सोपी आहे खरी, पण ती दिसते तितकी सरळ नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, सभेला ४५ विद्यार्थी आले आहेत आणि तीन सूचना पुढे आल्या आहेत : झाडे लावणे, खाणावळीच्या ओल्या कचऱ्याचे खत करणे आणि छतावरचे पावसाचे पाणी साठवणे. १८ जणांची पहिली पसंती झाडांना, दुसरी पाण्याला आणि शेवटची खताला आहे. १५ जणांना आधी खत, मग पाणी आणि शेवटी झाडे हवी आहेत. उरलेल्या १२ जणांना आधी पाणी, मग खत आणि शेवटी झाडे.

आता हात वर करायला सांगा. झाडांना १८, खताला १५, पाण्याला १२. झाडे जिंकली. वर्तमानपत्रात छायाचित्र येईल, प्रश्न मिटला. पण थांबा. ४५ पैकी २७ जणांनी झाडे सर्वांत शेवटी ठेवली होती. बहुसंख्यांना जे सर्वांत कमी हवे होते, तेच बहुमताच्या नावाने मंजूर झाले.

म्हणून दुसरे कोणी म्हणते, पहिल्या दोघांत पुन्हा मत घेऊ. पाणी बाद होते. पाणीवाल्या १२ जणांची पुढची पसंती खत, म्हणून खताला २७ आणि झाडांना १८. आता खत जिंकले.

तिसरी एक मुलगी म्हणते, प्रत्येकाच्या पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसरीला एक आणि तिसरीला शून्य देऊ. बेरीज करा. झाडांना ३६, खताला ४२ आणि पाण्याला ५७. म्हणजे सर्वांत कमी हात ज्याला होते, ते पाणी पहिले! आणि गंमत अशी, की पाण्याची जोडी झाडांशी लावा किंवा खताशी लावा, दोन्ही वेळा पाणीच जिंकते. पहिल्यात २७ विरुद्ध १८, दुसऱ्यात ३० विरुद्ध १५.

माणसे तीच, मनातली मतेही तीच. मोजण्याची रीत बदलली आणि तीन वेगळे निकाल लागले. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये बोर्दा आणि काँदोर्से या दोन विद्वानांनी हे कोडे उलगडून दाखवले होते. गुण देण्याची वरची पद्धत बोर्दाच्याच नावाने ओळखली जाते. १९५१ साली केनेथ अ‍ॅरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने तर गणिताने सिद्ध केले, की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर न्यायाच्या सगळ्या रास्त अटी एकाच वेळी पाळणारी पसंतीक्रमाची कोणतीही पद्धत असू शकत नाही. आपल्या अमर्त्य सेन यांनी हाच धागा पुढे नेला आणि १९७० साली त्यावर ग्रंथ लिहिला.

यावरून ‘मग मतदानच फुकट’ असा अर्थ काढायचा नाही. काढायचा तो अर्थ व्यवहाराचा आहे. कोणत्या रीतीने मोजायचे, हे मत देण्याआधी ठरवा आणि सर्वांना सांगा. निकाल पाहून रीत बदलणे ही लबाडी, आणि रीतच न सांगणे ही त्याहून मोठी लबाडी. बहुतेक भांडणे निकालावरून होत नाहीत, ‘आम्हाला आधी सांगितले नव्हते’ यावरून होतात.

आपल्याच घरातली शिदोरी

सभेची शिस्त ही साहेबाने दिलेली देणगी आहे, असा आपला एक समज असतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो खोडून काढला. बौद्ध भिक्षुसंघाला संसदीय कामकाजाचे सगळे नियम ठाऊक होते, हे त्यांनी दाखवून दिले. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान, सारे काही तिथे होते. विनयपिटकात मतासाठी शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटण्याची रीत सांगितली आहे. त्या वाटणारा आणि गोळा करणारा भिक्षू संघ निवडत असे, आणि तो पक्षपात, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा असावा, अशी अट होती. आजच्या कुठल्याही सभेचा अध्यक्ष निवडताना ही चार शब्दांची कसोटी पुरेशी आहे.

तामिळनाडूतल्या उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकातले चोळकालीन शिलालेख आहेत. गावसभेच्या समित्यांवर माणसे कशी नेमायची, याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घागरीत टाकायची आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढवायची. आणि महत्त्वाचे म्हणजे, आधी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे जवळचे नातलग अपात्र! त्या सभेत सर्वांना स्थान नव्हते, जमीन आणि विद्या असलेल्या पुरुषांचाच तो कारभार होता, हे विसरता कामा नये. पण वर्गणी गोळा करून हिशेब न देणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक कार्यकारिण्यांनी हा दगड एकदा पाहून यावा.

न बोलावलेली माणसे

पाचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. प्रश्न आहे तो, ते पाच कोण?

वरच्या उदाहरणात शेवटी खताचे काम ठरले असे धरू. ४५ जणांनी अगदी न्यायाने, आधी रीत ठरवून मते दिली. खड्डा कुठे घ्यायचा? मागच्या बाजूला, मुलींच्या वसतिगृहाच्या भिंतीलगत जागा रिकामी आहे. संध्याकाळी सहाला ठेवलेल्या सभेला वसतिगृहातल्या मुली आल्याच नव्हत्या, कारण त्यांना सातच्या आत हजेरी द्यायची असते. बाहेरगावाहून एसटीने येणारी मुले शेवटची गाडी पकडायला निघून गेली होती. पहिल्या वर्षाची मुले आली होती, पण तिसऱ्या वर्षाच्या दादांपुढे बोलणार कोण? आणि जी दोन-तीन मुली हजर होत्या, त्यांच्याकडे सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे आणि चहा सांगण्याचे काम सोपवले होते.

याहून मोठी गैरहजेरी आहे ती आवार झाडणाऱ्या मावशींची, खाणावळीत भांडी घासणाऱ्या पोरांची आणि माळीकाकांची. खड्ड्यात कचरा टाकायचा कोणी, वर-खाली करायचा कोणी, हे कागदावर लिहिलेले नसते. उत्साहाचे नऊ दिवस संपले, की ते काम आपोआप सफाई कामगारांच्या अंगावर येते. आपल्या समाजात कचऱ्याला हात लावण्याचे काम कोणाच्या वाट्याला गेले, याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पर्यावरणाच्या नावाने सुरू झालेला उपक्रम त्याच जुन्या वाटेने गेला, तर आवार स्वच्छ होईल, पण अन्याय तसाच राहील. गाडगेबाबा गावात शिरले की आधी स्वतः झाडू हातात घेत, कीर्तन नंतर. हा क्रम उलटा झाला, की सगळेच बिघडते.

विद्यापीठाने या माणसांकडे वेगळ्या नजरेने पाहिल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायांच्या वस्त्यांत गेल्या. शिकवायला गेलेल्यांना तिथे कळले, की अक्षरांइतकीच गरज कामाच्या प्रतिष्ठेची आणि स्वच्छ, वेगळा केलेला माल मिळण्याची आहे. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. पुढे या बायांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम हाती घेतले. ज्यांना विषयातले सर्वांत जास्त कळत होते, त्यांना आधी विचारले गेले, हे या यशाचे मूळ आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरातली सामायिक कुरणे, पाटबंधारे आणि मासेमारीची क्षेत्रे तपासून हेच सांगितले. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री. ज्यांच्यावर नियम लागू होणार, त्यांचा नियम करण्यात वाटा असेल, तर सामायिक गोष्ट टिकते, असा तिचा निष्कर्ष. तेव्हा माळीकाकांना सभेत खुर्ची देणे हा उपकार नव्हे. खड्डा टिकवायचा असेल, तर ती गरज आहे.

मेंढ्याची शाळा

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे ते सर्वांना माहीत झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याचा हक्क मान्य झाला.

पण या गावाची खरी कमाई त्याच्या निर्णयाच्या रीतीत आहे. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला, तरी विषय पुढच्या सभेवर जातो. आणि सभेआधी अभ्यासगट बसतो. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारांनाही बोलवावे, माहिती घ्यावी, वाद घालावा. पण निर्णय तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा. समजून घेण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची जागा वेगळी.

महाविद्यालयाला ही रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. गावातली माणसे जन्मभर एकत्र राहतात, मुले तीन वर्षांत निघून जातात. शिवाय सर्वसहमतीतही धोका आहे. जो शेवटपर्यंत बसू शकतो त्याचे खरे होते, आणि कंटाळून दिलेल्या होकारालाही सहमती म्हटले जाते. त्यावर एक साधा उपाय आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये तिसरे उत्तर ठेवावे : ‘मला पटत नाही, पण मी आडवा येणार नाही.’ हे उत्तर किती जणांनी दिले, ते इतिवृत्तात लिहावे. दहा-पंधरा जणांनी तसे म्हटले, तर निर्णय कच्चा आहे हे समजावे. आणि जो ठाम विरोध करील, त्याने कारण सांगावे व पर्यायही सुचवावा.

बाकीचे नियम घरगुती आहेत. अध्यक्ष दर सभेला बदलावा. प्रत्येकाला एकदा बोलायची पाळी मिळाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलू नये, आणि सुरुवात पहिल्या वर्षापासून करावी. सभेची वेळ एसटी आणि वसतिगृहाची हजेरी पाहून ठरवावी. बोलणे सर्वांना कळेल अशा भाषेत व्हावे. चहा आणणे आणि इतिवृत्त लिहिणे या पाळ्या मुलांनाही लागाव्यात. खड्ड्याच्या कामाचे वार चिठ्ठ्या टाकून वाटावेत, म्हणजे लाडका-दोडका हा प्रश्न उरत नाही. आणि जमाखर्च महिन्याच्या महिन्याला सूचनाफलकावर लागावा.

खड्डा खोटे बोलत नाही

एवढी उठाठेव एका खताच्या खड्ड्यासाठी? हो, कारण खड्डा फार प्रामाणिक असतो. भाषणे ऐकून तो कुजत नाही. आधी आठवडाभर रोजचा ओला कचरा तोलावा लागतो. मग एक घमेले ओला कचरा, तर साधारण दोन घमेली वाळलेला पाला, असे थर द्यावे लागतात. मुठीत दाबले तर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकाच ओलावा हवा. हवा मिळावी म्हणून ढीग आठवड्यातून एकदा वर-खाली करावा लागतो. ढीग आतून तापतो, चांगला जमला तर ५५ ते ६० अंशांपर्यंत, आणि मग दोन-तीन महिन्यांत मातीच्या वासाचे, काळसर, भुसभुशीत खत हाती येते. वास सुटला, तर समजावे की पाणी जास्त झाले आणि हवा कमी पडली. पाला घाला आणि हलवा. कोणाची पाळी चुकली, हे वासच सांगतो.

खरी परीक्षा येते ती दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत. मुले घरी जातात, खाणावळ बंद होते, खड्डा तसाच पडतो. सभेत या दिवसांचा विचार झाला होता का? माळीकाकांना विचारले होते का, त्यांच्या वाढीव कामाचा मोबदला ठरला होता का? दुसरी परीक्षा जूनमध्ये. ज्यांनी सुरुवात केली ती मुले पदवी घेऊन गेलेली असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही असावी. काय ठरले, का ठरले, कोणाचा विरोध होता आणि काय फसले, हे सारे त्यात असावे. नव्या मुलांना जुना निर्णय बदलण्याचा हक्क आहे, पण तो का झाला होता हे कळल्यावर.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संस्थांवर कचरा वेगळा करण्याची आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. त्यामुळे अनेक संस्थांनी यंत्रे आणली, ठेके दिले. प्राचार्यांच्या एका सहीने खड्डा होतो आणि तो लवकरही होतो. मग मुलांच्या सभांचा हा घोळ कशाला, असे पालकांनाही वाटेल. सभांत वेळ जातो, भांडणे होतात, अभ्यासाचे नुकसान होते, ही तक्रार खोटी नाही.

पण विचार करा. हीच मुले उद्या सोसायटीच्या कार्यकारिणीवर, ग्रामपंचायतीत, कारखान्यात, कार्यालयात बसणार आहेत. पाणी कोणाला किती, रस्ता कोणाच्या जागेतून, कचऱ्याची गाडी कोणाच्या दारी, हे ठरवणार आहेत. तिथे चुकीची किंमत फार मोठी असते. महाविद्यालयाच्या मागच्या कोपऱ्यात चुकले, तर थोडा वास सुटतो, आणि पाला घालून तो जातोही. न बोलणाऱ्याला बोलते करायचे, हरलेल्याला सोबत ठेवायचे आणि आपण जिंकलो तरी दुसऱ्याचे ऐकायचे, हे शिकायला इतकी स्वस्त जागा पुन्हा मिळणार नाही.

तेव्हा या जूनमध्ये तुमचा मुलगा किंवा मुलगी ‘आज कॉलेजात मीटिंग आहे, उशीर होईल,’ असे म्हणाली, तर रागावण्याआधी एवढेच विचारा : सभेला कोण कोण येणार आहे? आणि कोणाला बोलवायचे राहिले आहे?